हिवाळ्याच्या सुट्टीतली घरची भाजीबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्याची सुट्टी दोन तऱ्हांनी बागेशी जोडलेली असते. काहींना बाग सुरू करायला याच दिवसांत सवड मिळते, तर काहींची चालू बाग सुट्टीसाठी घराबाहेर पडल्यामुळे सुकते. पुढची उत्तरं दोघांसाठीही आहेत. कुंडी, ट्रे किंवा अंगणातला छोटा वाफा डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत.

सुट्टी लागेपर्यंत हिवाळा निम्मा सरलेला असतो. आता पेरून काही हाती लागेल का?

लागेल, फक्त पीक नीट निवडायला हवं. दिवसा १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेसं ऊन असेल तर मेथी २५ ते ३० दिवसांत काढता येते. छोट्या जातीचा मुळाही तेवढ्याच दिवसांत तयार होतो, लांब मुळ्याला ४५ ते ५५ दिवस लागतात. पालक ३५ ते ४५ दिवसांत, कोथिंबीर आणि सुट्या पानांचा लेट्यूस ४० ते ५० दिवसांत येतो. मटाराच्या शेंगांना ६० ते ७५ आणि गाजराला ८० ते १०० दिवस द्यावे लागतात.

बियाण्याच्या पाकिटावरचे दिवस चांगल्या हवामानातले असतात. थंडी जास्त असेल तर त्यात १० ते २० दिवस मिळवूनच हिशोब करा. यात थंडीइतकाच दिवसाच्या लांबीचाही हात असतो. दिवस १० तासांपेक्षा लहान होतो तिथे पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. रोप मरत नाही, नुसतं उभं राहतं. अशा वेळी खत किंवा पाणी वाढवून उपयोग होत नाही. दिवस मोठा होऊ लागला की तेच रोप पुढे सरकतं.

या दिवसांत काय पेरू नये?

भेंडी, काकडी, दुधी, भोपळा ही उबदार मातीची पिकं आहेत. माती १५ अंशांच्या खाली असेल तर त्यांचं बी उगवण्याआधीच कुजतं. टोमॅटो, मिरची, वांगी यांची तयार रोपं जगतात, पण रात्रीचं तापमान १० ते १२ अंशांच्या खाली जाऊ लागलं की फुलं गळतात. रात्री १५ अंशांच्या वर राहत असतील तर टोमॅटो खुशाल लावा.

फुलकोबीबद्दल थोडं जपून. तिच्या जाती हंगामाला बांधलेल्या असतात. लवकरची जात उशिरा लावली तर रोप लहान असतानाच लिंबाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. म्हणून बियाणं घेताना त्या जातीचा लागवडीचा काळ वाचाच. सुट्टीतच लावायची असेल तर ४ ते ५ आठवड्यांची तयार रोपं आणणं चांगलं.

ऊन किती लागतं? आमच्याकडे बाल्कनीत दुपारीच सावली येते.

पालेभाज्यांना ३ ते ४ तासांचं थेट ऊन पुरतं. मुळा, गाजर, बीट यांना ५ ते ६ तास लागतात, तर मटार, टोमॅटो, कोबी यांना किमान ६ तास. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो, त्यामुळे समोरच्या भिंतीची सावली उन्हाळ्यापेक्षा कितीतरी लांब पडते. उन्हाळ्यात जिथे भरपूर ऊन होतं तिथे आता ते असेलच असं नाही. एक दिवस सकाळी ८ पासून दर दोन तासांनी कुंड्यांच्या जागेचा फोटो काढा. कुठे किती ऊन येतं ते संध्याकाळपर्यंत स्पष्ट होईल. मगच कुंड्या मांडा.

कुंडी किती खोल हवी?

मेथी, कोथिंबीर, लेट्यूसला १५ सेंमी पुरते. पालकाला २० सेंमी, मुळा, गाजर आणि मटाराला २५ ते ३० सेंमी लागते. कोबी किंवा फुलकोबीच्या एका रोपाला १५ ते २० लिटरची स्वतंत्र कुंडी द्या. एका कुंडीत दोन लावली की दोन्हींचे गड्डे मूठभर राहतात. तळाला १ सेंमी व्यासाची चार-पाच छिद्रं असावीत आणि कुंडी विटांवर किंचित उचललेली असावी. जमिनीला चिकटलेल्या कुंडीतून पाणी निघत नाही, आणि हिवाळ्यात त्याचा फटका जास्त बसतो.

मातीचं मिश्रण कसं करावं?

हिवाळ्यासाठी मापं अशी: ४ भाग बागेची माती, ३ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग जाड वाळू. इतर ऋतूंत कोकोपीट ३ भाग घेतलं तरी चालतं. थंडीत मात्र ते पाणी धरून ठेवतं आणि मुळांभोवतीची माती दिवसेंदिवस ओली राहते, म्हणून इथे वाळूला जागा दिली आहे.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट साधारण ४ लिटर पाण्यात फुगून ८ ते ९ लिटर होते. फुगल्यावर ते एकदा साध्या पाण्यात धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात. शेणखताला वास येत असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल तर ते कुजायचं बाकी आहे. तसं खत वापरलं तर कोवळी मुळं जळतात.

मेथी, पालक, कोथिंबीर पेरायची नेमकी पद्धत काय?

पेरणीच्या आदल्या दिवशी कुंडी किंवा ट्रे खालून वाहेपर्यंत भिजवा आणि रात्रभर निथळू द्या. सकाळी माती वाफशावर येते: मुठीत दाबली तर गोळा होतो, बोट लावलं तर तो फुटतो. याच वेळी पेरा. कोरड्या मातीत पेरून वरून झारी मारली की बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं.

मेथी ६ ते ८ तास भिजवा. ३० × ४५ सेंमीच्या ट्रेला दोन चहाचे चमचे बी पुरतं. ते सगळीकडे सारखं विखरून (फोकून) टाका, वर १ सेंमी चाळलेली माती पसरा आणि हाताने हलकं दाबा. तीन ते सहा दिवसांत उगवते.

कोथिंबिरीच्या धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलका दाब देऊन धणे दुभागून घ्या. भुगा होऊ देऊ नका. मग १२ तास भिजवून त्याच ट्रेला अडीच-तीन चमचे पेरा, वर १ ते दीड सेंमी माती. हिला ८ ते १२ दिवस लागतात, कडक थंडीत २० सुद्धा. सगळ्यात जास्त ट्रे रिकामे होतात ते इथेच, कारण आठव्या दिवशी माणूस कंटाळून माती उकरून बघतो आणि नुकते फुटलेले कोंब मोडतात. तीन आठवडे हात लावू नका.

पालकाचं बी रात्रभर भिजवून दीड सेंमी खोल, ८ ते १० सेंमी अंतरावर टोका, म्हणजे एकेक बी मातीत खोचा. फोकून पेरला तर विरळणी करावी लागते, म्हणजे दाटीतली काही रोपं काढावी लागतात. उपटलेली कोवळी रोपं खाण्यात वापरा, वाया जात नाहीत.

एकाच दिवशी सगळं पेरू नका. आज एक ट्रे, दहा-बारा दिवसांनी दुसरा, म्हणजे भाजी एकदम येऊन एकदम संपणार नाही.

बी उगवलंच नाही. चूक कुठे झाली?

चार शक्यता तपासा. बी जुनं असेल: कांद्याचं बी जेमतेम एक-दोन वर्षं टिकतं, पालक आणि गाजराचं दोन-तीन वर्षं, मुळ्याचं चार-पाच वर्षं. बी खोल गेलं असेल: बियाण्याच्या जाडीच्या दोन ते तीन पटींपेक्षा जास्त खोली नको. वरची माती एकदा ओली होऊन मग पूर्ण सुकली असेल: कोंब बाहेर येण्याच्या बेतात असताना एकदाच सुकली तरी पुरे. किंवा माती फार गार असेल.

उगवणशक्ती पाहायची सोपी परीक्षा आहे. ओल्या कागदी रुमालात १० बिया गुंडाळून डब्यात झाकून उबदार जागी ठेवा. त्या पिकाला लागणारे दिवस उलटल्यावर मोजा. सात किंवा जास्त उगवल्या तर बी चांगलं, चार-सहा उगवल्या तर पेरताना दुप्पट टाका, त्याहून कमी असतील तर नवं आणा.

रोपं लांबट होऊन आडवी पडतात, काही तर बुंध्याशी बारीक होऊन मरतात.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लांबट, फिकट रोप म्हणजे उजेड कमी. त्याला उन्हात हलवा. घरात वाढवत असाल तर पांढरा एलईडी दिवा रोपांच्या वर १५ ते ३० सेंमीवर १२ ते १४ तास ठेवा.

बुंधा मातीलगत पाणचट, तपकिरी, दोऱ्यासारखा होऊन रोप कोसळलं तर ती बुरशीची मर आहे. ओली गार माती, दाट पेरणी आणि कोंदलेली हवा यांतून ती येते. कोसळलेली रोपं वाचत नाहीत. ती भोवतालच्या मातीसकट काढा, उरलेल्यांत विरळणी करा आणि वरचा थर सुकेपर्यंत पाणी बंद ठेवा. पुढच्या वेळी रोपांसाठी नवं मिश्रण घ्या आणि ट्रे गरम साबणाच्या पाण्याने धुवा.

हिवाळ्यात पाणी किती आणि कधी द्यावं?

रोज द्यायचं, हा नेम आधी सोडा. थंडीत पानांतून आणि मातीतून पाणी कमी उडतं, रोपही कमी पितं. उन्हाळ्याच्या सवयीने रोज झारी फिरवली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. थंडीतल्या कुंड्या तहानेपेक्षा जास्त पाण्याने जास्त मरतात.

बोट मातीत २ ते ३ सेंमी खोचा. टोकाला ओल लागली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर खालच्या छिद्रातून थेंब येईपर्यंत सावकाश द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. लहान कुंडीला दोन-तीन दिवसांनी, मोठीला चार-पाच दिवसांनी पाणी लागेल, पण ठरवायचं बोटानेच. अपवाद उगवणीचा: कोंब वर येईपर्यंत वरचा १ सेंमी थर सतत ओलसर हवा. तिथे झारीऐवजी फवारा वापरा.

वेळ सकाळची, ऊन आल्यावर. संध्याकाळी पानं भिजली तर रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयती संधी मिळते. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नाही.

फसवणारी गोष्ट एक आहे. जास्त पाणी झालेलं रोपही मान टाकतं आणि तहानलेलंही. माती ओली असून रोप कोमेजलं असेल तर पाणी देऊ नका. कुंडी उन्हात ठेवा आणि माती वरून हलकी मोकळी करा.

गाजराला पाला खूप, खाली मात्र दोन-तीन फाटे फुटलेले. असं का?

मातीत खडा, ढेकूळ किंवा ताजं शेणखत असेल तर गाजराचं टोक अडतं आणि फाटा फुटतो. २५ सेंमीपर्यंत माती चाळून घ्या. दुसरं कारण पुनर्लागवड: गाजर आणि मुळा जागेवरच पेरायचे, रोप करून हलवायचे नाहीत. पाला जास्त आणि मूळ बारीक असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय किंवा विरळणी राहिली आहे. तीन-चार पानं आल्यावर दोन रोपांत ५ सेंमी अंतर ठेवा. जादा रोपं उपटण्याऐवजी कात्रीने कापा, शेजारच्याचं मूळ हलत नाही.

लसूण आणि कांद्याची पात?

सर्वांत सोपं. लसणाची पाकळी टोक वर करून ४ सेंमी खोल टोका. पातच हवी असेल तर ५ सेंमी अंतर पुरे. कोंब आलेला कांदा अर्धा मातीत पुरा. दोन्हींची पात तीन-चार आठवड्यांत कापायला येते. मुळाशी ३ सेंमी सोडून कापलीत तर पुन्हा फुटते.

पानं पिवळी पडतात, काहींवर जांभळी छटा येते. कोणतं खत घालू?

आधी पाणी तपासा. माती सतत ओली असेल तर खताने काहीच सुधारत नाही. पाणी योग्य असून खालची जुनी पानं पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय. गार मातीत सूक्ष्मजीव मंद होतात आणि खतातलं नत्र मुळांना उशिरा मिळतं. म्हणून हिवाळ्यात वरून घातलेल्या घट्ट खतापेक्षा पातळ खताचा गुण लवकर येतो. २०० ग्रॅम गांडूळखत २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, तेवढंच पाणी मिसळा आणि दर दहा-बारा दिवसांनी बुंध्याशी द्या.

जांभळी छटा बहुतेक वेळा स्फुरद (फॉस्फरस) कमी मिळाल्याची असते. मातीत स्फुरद असतं, पण थंडीत मुळं ते उचलू शकत नाहीत. ऊब वाढली की नवी पानं हिरवी येतात. खत ओतू नका.

कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे चिकटलेत.

तो मावा. गार, कोरडी हवा त्याला मानवते आणि त्याची मादी मीलनाशिवाय पिल्लं घालू शकते, म्हणून चार दिवसांत चाराचे चारशे दिसतात. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली तर पानांच्या मागे बघा. माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

पहिला उपाय पाण्याचा: सकाळी पानं उलटी धरून जोरदार फवारा मारा, तीन दिवस रोज. निम्म्याहून जास्त काम यातच होतं. तरी राहिला तर १ लिटर पाण्यात ५ मिली सौम्य द्रव साबण घालून पानांच्या मागून फवारा. कपडे धुण्याची पावडर नको, पानं करपतात. आधी एका पानावर मारून २४ तास थांबा.

निंबोळी तेल वापरायचं तर १ लिटर कोमट पाण्यात १ ते २ मिली साबण, त्यात ५ मिली तेल. थंडीत हे तेल गोठतं आणि पंपाची जाळी तुंबवते, म्हणून बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून मग मोजा. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पंधरा दिवसांत खुडायच्या मेथी-कोथिंबिरीवर मात्र तेल मारू नका, वास आणि कडवटपणा पानांत राहतो.

फुगून तांबूस, निश्चल झालेले मावे दिसले तर ते तसेच राहू द्या. त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशीची अळी असते. ती बाहेर पडली की पुढचा मावा तीच आवरते.

मटारावर पांढरी भुकटी आणि पालकावर नागमोडी रेषा?

भुकटी म्हणजे भुरी. वारा खेळेल इतकी दाटी कमी करा, जास्त लागलेली पानं काढा. १ भाग दूध आणि ९ भाग पाणी सकाळी उन्हात, आठवड्यातून एकदा फवारा. लवकर सुरुवात केली तरच गुण येतो. नागमोडी रेषा नागअळीच्या. अळी पानाच्या आत असल्याने वरचा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका.

रात्री तापमान शून्याजवळ जाणार असं कळलंय. काय करू?

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र सर्वांत घातक. दुपारी मातीला थोडं पाणी द्या, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. कुंड्या घराच्या भिंतीला चिकटवून एकत्र ठेवा. जमिनीतल्या मुळांपेक्षा कुंडीतली मुळं लवकर गारठतात. सूर्य मावळण्याआधी काठ्यांच्या आधारावर जुनी चादर जमिनीपर्यंत टाका. प्लॅस्टिक वापरलं तर ते पानांना टेकू देऊ नका, टेकलेलं पान गोठतं. सकाळी ऊन आलं की झाकण काढा.

पालक, गाजर, कोबी हलकी गोठण सोसतात. थंडीत ही रोपं पेशींत साखर साठवतात, म्हणून कडाक्यानंतर त्यांची चव गोड लागते. गोठलेल्या पानांना हात लावू नका, ती आपोआप सैल होऊ द्या. करपलेल्या रोपाची छाटणी थंडी ओसरेपर्यंत थांबवा. वरची मेलेली पानं आतल्या कोंबाला आडोसा देतात.

दहा दिवस घर बंद राहणार आहे. बाग कशी टिकवायची?

तयारी निघायच्या पाच दिवस आधी सुरू करा.

प्रथम पाण्याचा अंदाज घ्या. एक कुंडी भिजवून निथळू द्या, काट्यावर तोला, २४ तासांनी पुन्हा तोला. जितके ग्रॅम कमी तितके मिलिलिटर पाणी त्या कुंडीला रोज लागतं. त्याला दिवसांनी गुणा आणि एक तृतीयांश जास्त धरा.

मग वातीची सोय करा. सुती दोरी किंवा जुन्या सुती कपड्याची बोटभर जाड पिळलेली पट्टी पूर्ण भिजवून घ्या. एक टोक बादलीच्या तळाशी वजन बांधून सोडा, दुसरं कुंडीत मुळांजवळ ५ ते ७ सेंमी पुरा. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. बादलीतलं पाणी कुंडीच्या मातीच्या पातळीला किंवा जरा वर असावं. फार उंच ठेवली तर धार लागून एका रात्रीत रिकामी होते. बादलीवर झाकण किंवा घट्ट बांधलेलं कापड हवं, डासांसाठी आणि बाष्पासाठीही. हे सगळं दोन दिवस चालवून बघा. माती चिखल होत असेल तर वात बारीक करा, वर कोरडी राहत असेल तर दुसरी वात लावा.

बशीत पाणी भरून ठेवणं तीन-चार दिवसांसाठी ठीक आहे. दहा दिवस मुळं पाण्यात राहिली तर कुजतात.

निघायच्या आदल्या दिवशी काढण्याजोगं सगळं काढा, लहान असलं तरी. मटाराच्या भरलेल्या शेंगा वेलावर राहिल्या तर वेल बी पिकवण्याच्या मागे लागतो आणि नवी फुलं थांबतात. मेथीचा ट्रे पूर्ण कापून घ्या. कमी पानं म्हणजे कमी तहान. वाळलेली पानं किंवा गवताचं ४ सेंमी आच्छादन पसरा, बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवून. कुंड्या एकमेकींना लागून, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा. शेवटच्या आठवड्यात खत देऊ नका, त्याने कोवळी फूट येते आणि तिलाच सर्वांत जास्त पाणी लागतं.

शेजारी पाणी घालणार असतील तर त्यांना "लागेल तसं घाला" असं सांगू नका. कुंड्यांवर चिठ्ठ्या लावा: कोणत्या दिवशी, किती पेले. मायेपोटी जास्त पाणी घातलं जातं.

परतलो तेव्हा माती दगडासारखी सुकली होती. पाणी घातलं तर कडेने निघून जातं.

कोकोपीट असलेली माती पूर्ण सुकली की पाणी झिडकारते. कुंडी पाण्याच्या टबात निम्मी बुडवून ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास. मग निथळून दोन दिवस सावलीत ठेवा आणि वाळलेला भाग कापा. पालकाचा गाभा हिरवा असेल तर तो आठवड्याभरात नवी पानं काढतो. कोथिंबीर एकदा पूर्ण सुकली की सावरत नाही, तो ट्रे नव्याने पेरा.

मुलांच्या सुट्टीत संपेल असं काही आहे का? जागा फक्त खिडकीची आहे.

कोवळे अंकुर, म्हणजेच मायक्रोग्रीन्स, ७ ते १२ दिवसांत होतात. ५ सेंमी खोल, भोकं पाडलेल्या डब्यात ३ सेंमी कोकोपीट भरा. मुळा, मोहरी किंवा मेथीचं बी एकमेकांना टेकणार नाही इतकं दाट पसरा आणि फवारून दोन-तीन दिवस झाकून ठेवा. कोंब उभे राहिले की खिडकीत हलवा. पहिली दोन पानं पूर्ण उघडल्यावर कात्रीने कापा. गुलाबी किंवा निळं बियाणं यासाठी चालत नाही. त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो, आणि अंकुर तर बी पेरल्यावर काही दिवसांतच खायचे असतात. मुळांजवळचा पांढरा कापूस बघून घाबरू नका. फवारल्यावर तो मुळाला चिकटून नाहीसा झाला तर ती मुळांची लव आहे. तसाच राहिला, कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरला आणि कुबट वास आला तर बुरशी. तो डबा टाकून द्या.

पालक आणि मेथी किती वेळा खुडता येते?

पालक बाहेरच्या पानांपासून खुडा, मधली चार-पाच पानं ठेवा. तीन-चार खुडण्या मिळतात. मेथी मुळाशी ४ सेंमी सोडून कापली तर दोनदा येते, तिसऱ्यांदा पानं बारीक आणि कडू होतात. दिवस मोठा आणि उबदार होऊ लागला की मधून उंच दांडा निघतो. दांडा खुडून फुलणं थांबत नाही, तेव्हा ती कुंडी रिकामी करा. पाला काढलेली मुळं मातीतच बारीक करून मिसळा, दोन मुठी गांडूळखत घाला आणि पुढच्या पेरणीआधी दोन आठवडे ती माती ओलसर ठेवा.